गोळी रोजचीच, धोका बदलाच्या दिवशी

‘ही गोळी तुमची प्रतिकारशक्ती कमी करेल,’ असं डॉक्टर पहिल्यांदा सांगतात तेव्हा ऐकणारा दचकतोच. आधीच आजारी, त्यात अंगात होती तेवढी ताकदही काढून घ्यायची? शंका रास्त आहे. पण आमवात, ल्युपस, सोरायसिस, क्रोन्स (आतड्यांचा आजार) अशा आजारांत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. कुंपणच शेत खायला लागलेलं असतं. सांधे, त्वचा, आतडी यांनाच शत्रू समजून ती त्यांच्यावर तुटून पडते. अवयव बदललेल्या माणसात तर तिचं काही चुकतही नाही. नवी किडनी परकी आहे हे तिला बरोबर कळतं आणि ती तिला हाकलू पाहते. दोन्हीकडे उपाय एकच, तिचा जोर उतरवायचा. पार बंद नाही करायची. फार दाबली तर साधा जंतूही जड जातो, कमी दाबली तर मूळ आजार उसळतो किंवा नवा अवयव हातचा जातो.

ही औषधं वर्षानुवर्षं घेणारी माणसं नोकऱ्या करतात, मुलं वाढवतात, हिंडतात-फिरतात. ठरलेल्या वेळी ठरलेली गोळी, ठरलेल्या महिन्यात रक्ततपासणी, एवढं चालू असेल तोवर सहसा फार काही बिघडत नाही. बिघडतं ते काहीतरी बदलतं त्या दिवशी. नवा डॉक्टर, नवी चिठ्ठी, ताप, जुलाब, लस, दिवस राहणं, किंवा नुसतं ‘आता अगदी बरं वाटतंय’. सांभाळायचे ते हे दिवस.

आधी थोडा इतिहास, कारण तो पुढे उपयोगी पडणार आहे. डिसेंबर १९५४ मध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांनी एका माणसाची किडनी त्याच्या भावाला बसवली आणि ती टिकली. कारण दोघे एकसारखे जुळे होते. शरीराला ती परकी वाटलीच नाही. ज्यांना जुळं भावंड नाही त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी १९६०च्या दशकात अझाथायोप्रिन आलं, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून. पुढची मोठी औषधं मात्र चक्क मातीत सापडली. सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून, टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूतून, सिरोलिमस ईस्टर बेटाच्या मातीतून. स्टेरॉइडं त्याआधीची, आणि अलीकडे त्यात जिवंत पेशींपासून बनवलेल्या बायोलॉजिक इंजेक्शनांची भर पडली. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्यामुळे शेजारच्याला जे सांगितलं ते तुम्हाला लागू पडेलच असं नाही, आजार तोच असला तरीही.

आठवड्याची गोळी रोज घेतली तर

या सगळ्यात सगळ्यात साधी आणि सगळ्यात घातक चूक मेथोट्रेक्सेटची आहे. आमवात आणि सोरायसिससाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. पण आपल्या हाताला सवय रोजच्या गोळीची. चिठ्ठीवरचं घाईतलं अक्षर, घरात औषधं देणारं माणूस बदललेलं, दवाखान्यात भरती झाल्यावर कुणीतरी तक्त्यावर ‘रोज एक’ लिहिलेलं, आणि आठवड्याची गोळी सात दिवस पोटात जाते. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं थांबतं, तोंडात फोड येतात, ताप चढतो. अशा चुकीने माणसं दगावलेली आहेत, आणि एका देशात नव्हे.

म्हणून वार ठरवायचा आणि तो चिठ्ठीवर अक्षरांत लिहून घ्यायचा. ‘आठवड्यातून एकदा’ एवढंच पुरत नाही, ‘दर मंगळवारी’ असं हवं. गोळ्या अडीच आणि दहा मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदीत मिळतात आणि दिसायला फारशा वेगळ्या नसतात, तेव्हा घरात एकाच ताकदीच्या ठेवणं बरं. सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात ते मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करण्यासाठी. ते कोणत्या वारी घ्यायचं हेही लिहून घ्या, कारण त्या दोन्ही गोळ्या बारीक आणि पिवळ्या असल्या तर अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. चुकून जास्त गेलीच तर ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही. फोलिनिक अ‍ॅसिड हा त्यावरचा उतारा आहे आणि तो जितका लवकर मिळेल तितका कामाचा. तोंड येणं, घसा सुजणं, अंगावर विनाकारण काळे-निळे डाग ही मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने किरकोळ समजू नयेत अशी लक्षणं आहेत.

दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी

लघवीला जळजळ होते म्हणून माणूस जवळच्या डॉक्टरकडे जातो. तिथे को-ट्रायमॉक्साझोल लिहून मिळतं. जुनं, स्वस्त, चांगलं अँटिबायोटिक. पण मेथोट्रेक्सेटसारखंच त्यातलं ट्रायमेथोप्रिमही फॉलिक अ‍ॅसिडच्या वाटेवर आडवं येतं, आणि दोन्ही एकत्र आली की अस्थिमज्जेवर दुहेरी घाव बसतो. डॉक्टरांचा दोष म्हणावा तर त्यांना मेथोट्रेक्सेटचं माहीतच नव्हतं. रुग्णाचा म्हणावा, तर ‘दुसरी काही औषधं चालू आहेत का’ या प्रश्नावर आठवड्यातून एकदाच घेतलेली गोळी त्याच्या डोळ्यांपुढे आली नाही. दोन्ही माणसं बरोबर आणि तरीही अपघात. अशा अपघातांना मी सगळ्यात जास्त भितो.

अझाथायोप्रिन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल ही दुसरी जोडी. अ‍ॅलोप्युरिनॉल म्हणजे युरिक अ‍ॅसिड कमी करणारी, गाउटवरची गोळी. अझाथायोप्रिनपासून शरीरात जो कामाचा पदार्थ बनतो तो झॅन्थिन ऑक्सिडेज नावाच्या विकराने (एन्झाइमने) मोडला जातो, आणि अ‍ॅलोप्युरिनॉल नेमकं तेच विकर अडवतं. परिणामी नेहमीचाच डोस कित्येक पटींनी भारी पडतो. हा योगायोग नाही. अ‍ॅलोप्युरिनॉल बनलं तेही एलियन-हिचिंग्ज यांच्याच प्रयोगशाळेत, आणि ते तपासलं गेलं ते याच कुळातलं मर्कॅप्टोप्युरिन शरीरात जास्त टिकावं म्हणून. गाउटवरचा उपयोग नंतर सापडला. म्हणजे आज ज्या टकरीला आपण धोका म्हणतो, तोच एकेकाळी मूळ हेतू होता. ही दोन्ही औषधं द्यायचीच वेळ आली तर अझाथायोप्रिनचा डोस साधारण चौथाई ते तिहाईवर आणतात आणि रक्त वरचेवर तपासतात. गाउटवरचं दुसरं औषध फेबुक्सोस्टॅट, तेही हेच विकर अडवतं.

अझाथायोप्रिनबद्दल आणखी एक. काहींच्या शरीरात ते जन्मतःच हळू मोडतं. टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ ही त्यामागच्या जनुकांची नावं. दुसऱ्यातला बदल आशियाई वंशाच्या लोकांत जास्त आढळतो. अशा माणसात नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरतात, कधी केसही पुंजक्यांनी गळतात. गोळी सुरू करण्याआधी ही तपासणी करता येते. करायची का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात संकोच नको. आणि ही तपासणी ठीक आली तरी नंतरच्या रक्ततपासण्या टळत नाहीत.

टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिनची तऱ्हा वेगळी. त्यांचा गुण देणारा डोस आणि बाधणारा डोस यांत अंतर फार थोडं. लिव्हर आणि आतडी ही औषधं ज्या विकरांनी मोडतात, त्यांच्यावर दुसऱ्या औषधाने हात ठेवला की रक्तातली पातळी वर-खाली होते. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, रक्तदाबासाठीचं डिल्टियाझेम ती वाढवतात. हात थरथरतात, किडनीला मार बसतो. टीबीवरचं रिफॅम्पिसिन, फिटवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन उलट करतात. पातळी पार तळाला जाते आणि बसवलेला अवयव उघडा पडतो. कोविडवरच्या गोळ्यांत जे रिटोनाव्हिर असतं त्याने टॅक्रोलिमस इतकं चढतं की त्या काळात ते बहुधा थांबवावंच लागतं. ग्रेपफ्रूट आणि पपनसही याच यादीत. रस काढून नव्हे, नुसतं खाल्लं तरी. ‘फळ आहे, काय होतंय’ हे वाक्य इथे लागू नाही.

अंगदुखीसाठी आपण मनाने घेतो त्या आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकबद्दल थोडक्यात: टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिनसोबत त्या किडनीवर दुप्पट भार टाकतात. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं.

आणि ते ‘इम्युनिटी बूस्टर’. ज्या शक्तीला आवरायला गोळी घेतो तिलाच चेतवणारं काही सोबत घ्यायचं, यात तर्क कुठे आहे? बऱ्याच वेळा या बाटल्यांत काही दम नसतो, तेवढंच नशीब. पण सगळ्यांत नसतोच असं नाही. सेंट जॉन्स वर्ट ही मन उभारी धरावी म्हणून घेतली जाणारी वनस्पती टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिनची पातळी पाडते. अवयव नाकारला जाण्याच्या घटना तिच्यामुळे घडल्या आहेत. गुळवेलीने काहींच्या लिव्हरला सूज आल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. झाडपाल्याचं आहे म्हणून ते औषधांच्या यादीत सांगायचं नाही, असं करू नका.

सुईआधी गोळी नको

टॅक्रोलिमसची पातळी मोजायची ती सकाळच्या डोसच्या आधी, म्हणजे दोन वेळच्या गोळ्या असतील तर आदल्या रात्रीच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी. सकाळी सवयीने गोळी घेऊन रक्त द्यायला गेलात तर आकडा उगाच मोठा येतो, डॉक्टर डोस कमी करतात, आणि खरं तर तो बरोबरच असतो. गोळी खिशात न्यायची, रक्त दिलं की घ्यायची. विसरून आधी घेतलीत तर तसं सांगून टाका. न सांगण्यापेक्षा तपासणी फुकट गेलेली परवडते.

टॅक्रोलिमस दिवसातून दोनदा घ्यायचं आणि एकदाच घ्यायचं अशा दोन्ही प्रकारांत येतं. नाव तेच, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. कंपनी बदलली तरी कळवावं आणि पातळी पुन्हा बघावी. औषधाच्या दुकानात पाकिटाचा रंग वेगळा दिसला की तिथेच थांबून विचारायचं. जुलाबांनीही पातळी बिघडते, आणि ती घटते असं वाटत असलं तरी टॅक्रोलिमसची पुष्कळदा वाढते. सुजलेल्या आतड्याला औषध मोडण्याचं आपलं काम जमत नाही. दोन-तीन दिवस जुलाब टिकले तर रक्त तपासायला हवं, यामागचं कारण हे.

ताप

या औषधांवर असलेल्या माणसाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. इतरांसारखं तीन दिवस वाट पाहणं नाही. थंडी वाजून येणं, धाप, मान आखडणं, भ्रमिष्टासारखं बोलणं असेल तर थेट रुग्णालय. यात एक फसवणूक आहे. स्टेरॉइड तापालाच झाकून टाकतं. पोटात आतडं फुटलं तरी पोट मऊ आणि अंग कोमट, असंही घडतं. त्यामुळे प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड घेणाऱ्याला ‘ताप नाही पण काहीतरी बरोबर नाही’ असं वाटत असेल, तर त्या वाटण्याला तापाइतकाच मान द्यावा.

मग प्रश्न येतो, तापात गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या? इथे सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मेथोट्रेक्सेट, बायोलॉजिक इंजेक्शनं, टोफासिटिनिबसारख्या गोळ्या गंभीर संसर्गात बहुधा काही दिवस पुढे ढकलतात. आमवात तेवढ्याने लगेच पेटत नाही. अवयव बदललेल्यांनी मात्र प्रत्यारोपणाच्या टीमला विचारल्याशिवाय एकही गोळी टाळायची नाही, कारण पणाला लागलेली गोष्ट अवयव आहे. स्टेरॉइड तर कधीच एकाएकी बंद करायचं नाही.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रोज स्वतःचं स्टेरॉइड बनवतात. बाहेरून तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ गोळी मिळत राहिली की त्या आळसावतात. गोळी अचानक थांबली तर त्यांना जाग यायला वेळ लागतो, काही वेळा महिने. त्या मधल्या काळात आजारपण आलं की रक्तदाब कोसळतो, साखर उतरते, माणूस ग्लानीत जातो. म्हणून तापात उलट डोस वाढवून सांगतात. आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकतच नसेल तर ती इंजेक्शनाने द्यावी लागते. घरी बसून पुन्हा पुन्हा गोळी गिळून बघण्यात वेळ घालवू नये.

सुरुवात करण्याआधी काय बघतात

टीबीचे जंतू शरीरात वर्षानुवर्षं निपचित पडून राहू शकतात. प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यांच्याभोवती गाठी करून पहारा देतात, आणि तो पहारा टिकवायला टीएनएफ हे रसायन लागतं. इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडॅलिम्युमॅब ही इंजेक्शनं अडवतात ती तेच रसायन. पहारा उठला की झोपलेला टीबी जागा होतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त टीबीची तपासणी. कावीळ ब चंही तसंच; रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने तो विषाणू लिव्हरमध्ये पुन्हा डोकं वर काढतो, कधी जिवावर बेतेपर्यंत. दमट, उष्ण प्रदेशात राहिलेल्यांमध्ये स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत असू शकतो, दशकानुदशकं काही त्रास न देता. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसखाली तो अंगभर पसरतो. आधी माहीत असेल तर आयव्हरमेक्टिनने त्याचा बंदोबस्त होतो. ‘इतक्या तपासण्या कशाला’ असं वाटतं त्यामागे हे सगळं असतं.

लसींचं गणित त्यापेक्षा सरळ. जिवंत विषाणू किंवा जिवाणू असलेल्या लसी — गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पोलिओचे थेंब, बीसीजी, यलो फीव्हर, नाकातून द्यायची फ्लूची लस — औषध चालू असताना सहसा देत नाहीत. हव्याच असतील तर औषध सुरू होण्याच्या किमान चार आठवडे आधी. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोनियाच्या जंतूवरची न्यूमोकोकस लस, कावीळ ब, नागिणीची नवी निर्जीव लस या चालतात. चालतात काय, घ्याव्यातच. फक्त रिटुक्सिमॅबनंतर काही महिने लस शरीरात रुजत नाही, तेव्हा वेळ साधावी लागते. आईने गरोदरपणात टीएनएफविरोधी इंजेक्शन घेतलं असेल तर ते बाळाच्या रक्तातही काही महिने राहतं. अशा बाळाला जन्मल्याबरोबर बीसीजी देऊ नये. बाळंतपण करणाऱ्यांना हे आईनेच सांगून ठेवलेलं बरं.

गरोदरपणाचा विषय निघालाच आहे. मेथोट्रेक्सेट आणि अवयव बदललेल्यांना दिलं जाणारं मायकोफेनोलेट गर्भाला बाधतात, गर्भपात आणि व्यंग दोन्हींचा धोका असतो. मायकोफेनोलेट दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी थांबवून त्याजागी दुसरं आणतात. अझाथायोप्रिन, टॅक्रोलिमस, थोड्या डोसचं प्रेडनिसोलोन ही मात्र देखरेखीखाली बहुतेकदा चालू ठेवतात. दिवस राहिल्याचं कळताच घाबरून सगळंच बंद करणं आई आणि बाळ दोघांनाही महागात पडू शकतं. उसळलेला ल्युपस गोळीपेक्षा वाईट. मूल हवं असा विचार मनात आला की तेव्हाच डॉक्टरांकडे विषय काढावा.

बरं वाटतंय तेव्हा

काहीच दुखत नाही, गोळ्या मात्र मूठभर. असा दिवस सगळ्यांना येतो आणि हात आखडता होतो. किडनी बदललेल्यांसाठी हा दिवस धोक्याचा, कारण शरीर किडनी नाकारायला लागतं तेव्हा पुष्कळदा काहीच जाणवत नाही. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम किती चालतं ते सांगणारा आकडा) चढतं, लक्षणं मागाहून. गोळी महाग पडते, केस गळतात, चेहरा सुजतो, कंटाळा आला, काहीही असो, ते डॉक्टरांना सांगितलं तर डोस किंवा औषध बदलता येतं. गुपचूप सोडली तर त्यांना फक्त बिघडलेला रिपोर्ट दिसतो, आणि ते डोस आणखी वाढवून बसतात. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत, हेही जाता जाता.

उन्हाचं पथ्य कमी लोक पाळतात. अवयव बदललेल्यांत त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण कितीतरी वाढतं. गडद त्वचेला धोका कमी, पण अजिबात नाही असं नाही. टोपी, लांब बाह्या, सनस्क्रीन, आणि न भरणारी जखम किंवा वाढणारा चामखीळ दिसला की दाखवणं. बागकाम आवडत असेल तर हातमोजे आणि मास्क घालून करा. ज्या मातीने ही औषधं दिली तिच्यातच नोकार्डिया आणि अ‍ॅस्परजिलससारखे जंतूही राहतात. कच्चं दूध, कच्चं अंडं, अर्धवट शिजलेलं मांस टाळायचं ते अशाच कारणाने.

पाकिटात एक कागद ठेवा. त्यावर आजार, औषधाचं मूळ नाव, डोस, वार, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, स्टेरॉइड किती दिवसांपासून, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन. दात काढायला गेलात, ऑपरेशन ठरलं, किंवा रस्त्यात चक्कर येऊन पडलात तरी समोरच्याला तो वाचता यायला हवा. फोनमध्ये असलाच तरी कागदावरही असू द्या. फोनला कुलूप असतं. लांबच्या प्रवासाला निघालात तर यलो फीव्हरची लस लागणाऱ्या देशांसाठी आधीच डॉक्टरांकडून सूट मिळाल्याचं पत्र घ्या, औषधं परतीच्या तारखेपेक्षा आठवडाभर जास्त न्या, आणि ती सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवा. फ्रिजमधली इंजेक्शनं २ ते ८ अंशांत राहायला हवीत. विमानाच्या पोटात ती गोठू शकतात आणि गोठलेलं इंजेक्शन वितळल्यावर तसंच दिसलं तरी फेकून द्यावं लागतं.